मामाच्या गुडघ्यावरची गादी

माझ्या मामाच्या आधी त्याचा डावा गुडघा घरात यायचा आणि मग मामा. हे माझं नाही, मामीचं वाक्य. पण खोटं नव्हतं. गुडघ्याच्या वाटीवर, बरोबर मधोमध, अर्ध्या लिंबाएवढा फुगवटा होता. दाबला की आत काहीतरी गुळगुळीत इकडून तिकडे सरकायचं. लहानपणी मी त्यावर बोट दाबून बेल वाजवायचे आणि मामा तोंडानं ‘टिंग’ म्हणायचा. मग मीच दार उघडायचे आणि मीच विचारायचे, ‘कोण पाहिजे?’

मामा फरशी बसवायचा. सव्वीस वर्षं, गुडघ्यांवर. त्यांच्या धंद्यात त्या फुगवट्याला गादी म्हणायचे. गादी आली की मिस्त्री, नाही आली तर माल कालवणारा. रबरी गुडघे मिळायचे बाजारात, पट्ट्यांनी बांधायचे. पण ते साइटवर खिळ्याला टांगलेलेच असायचे. कुणी नवखा ते घालायला गेला की बाकीचे विचारायचे, ‘काय रे, आईनं दिलेत?’

हे सगळं ठेकेदारानं लावून ठेवलेलं. नवीन काम मिळालं की तो सगळ्यांना भिंतीला टेकून रांगेत उभं करायचा आणि पँटी गुडघ्यापर्यंत गुंडाळायला लावायचा. मग खरबूज दाबून बघावं तसा एकेका गुडघ्यावर अंगठा दाबत जायचा. ठेकेदाराचं बोलणं नाकातून आणि प्रत्येक वाक्याच्या आधी ‘मी काय म्हणतो’. ‘मी काय म्हणतो, कागद खोटं बोलतो. गुडघा बोलत नाही.’ ज्याची गादी जाड त्याला दर्शनी खोलीचं काम, ज्याची पातळ त्याला न्हाणीघर, ज्याला नाही त्यानं पाणी भरायचं. मामा सव्वीसपैकी सोळा वर्षं रांगेत पहिला होता.

आणि मामाची दुसरी ख्याती म्हणजे कान. साइटवर त्याला टकटक म्हणायचे. काम वाळलं की तो गुडघ्यांवर रांगत थापीच्या लाकडी मुठीनं एकेक फरशी वाजवत जायचा. टक, टक, टक. खाली माल नीट भरला असेल तर ‘टक’. कुठे हवा राहिली असेल तर ‘डब’. डब वाजली की ती फरशी फोडायची, मग बसवणारा कुणी का असेना. अशी फरशी वर्षभरात जड खुर्चीखाली तडकते, मामा सांगायचा. एका शाळेच्या कामात त्यानं स्वतःच्याच अकरा फरश्या फोडल्या होत्या. ठेकेदार डोकं धरून म्हणाला, ‘अरे, मी काय म्हणतो, कुणाला कळणार आहे?’

मामा म्हणाला, ‘मला कळलंय ना.’

हे वाक्य आमच्या घरात मीठ मागतानासुद्धा वापरलं जायचं. मामी म्हणायची, ‘आमटीत मीठ कमी पडलंय, पण कुणाला कळणार आहे?’ आणि आम्ही सगळे एका सुरात, ‘मला कळलंय ना!’

तर चांदणी. गावात नवीन नाट्यगृह बांधायला घेतलं होतं आणि त्याच्या प्रवेशदालनात, मधोमध, सहा रंगांच्या दगडांची सोळा टोकांची चांदणी बसवायची होती. बारा फूट रुंद. ठेकेदारानं दोन वर्षं आधीच मामाला शब्द दिला होता, ‘ती तुझीच.’ मामानं पुठ्ठ्याचे तुकडे जोडून अख्खी चांदणी खऱ्या मापाची कापली आणि बाहेरच्या खोलीत पसरून ठेवली. त्या दिवसापासून आम्ही भिंतीच्या कडेकडेनं चालायला लागलो. मामी पाहुण्यांना सांगायची, ‘लग्नात चंद्र-चांदण्या आणून देतो म्हणाले होते. एवढी एक आणली, तीही पुठ्ठ्याची, आणि हिच्यावर पाय ठेवला तर मलाच घराबाहेर काढतील.’ मामा लाजायचा आणि एखादं टोक अर्धा सूत सरळ करायचा. आयुष्यभर लोकांच्या संडास-मोऱ्यांत रांगलेल्या माणसाला शेवटी एक अशी गोष्ट करायची होती की लोक आत शिरताना खाली बघतील. एवढंच त्याला हवं होतं.

ठेकेदारानं चांदणीसाठी गुडघे बघायची तारीख ठरवली, पंधरा. आणि त्याच्या पाच आठवडे आधी, एका दवाखान्याच्या बोळात काम करताना मामा सवयीनं धपकन डाव्या गुडघ्यावर बसला तो नेमका फुटक्या फरशीच्या कपच्यावर. कपचा गादीत घुसला. रक्त आलं आणि रक्तामागून काकवीसारखं पिवळट, चिकट पाणी.

दुसरा कुणी असता तर त्याच दवाखान्यात आत गेला असता. दहा पावलांवर होता. पण डॉक्टर म्हणजे कापाकापी, आणि गादी कापली तर पंधरा तारखेला दाखवणार काय? मामानं फरशीवाल्यासारखा विचार केला. चीर पडली की पाणी आत जायच्या आधी भरून घ्यायची. दगडाचा कपचा उडाला की चिकटवायला जो गोंद वापरतात तो त्यानं जखमेवर ओतला, बोटानं सारखा केला आणि काठावरचा जास्तीचा ओल्या फडक्यानं पुसून घेतला. वरून निळी चिकटपट्टी. घरी येऊन आम्हाला दाखवलं, ‘बघा, सांधा तरी दिसतोय का?’

खरंच दिसत नव्हता. वरून एकदम गुळगुळीत. आत काय राहिलंय हे मात्र त्या कानवाल्या माणसाला ऐकू आलं नाही.

चौथ्या दिवशी गुडघा टोमॅटोसारखा लाल झाला आणि मामाचे दात वाजायला लागले. मामी आणि मी त्याला रिक्षात घालून मोठ्या दवाखान्यात नेलं. सर्जन बाई होत्या, ठेंगण्या, चटपटीत, आणि पेशंटशी बोलताना कायम ‘आपण’ म्हणणाऱ्या.

‘हं, आपण काय केलंय हे? गोंद लावलाय आपण?’

‘आपण नाही, यांनी,’ मामी म्हणाली. ‘मला नका त्यात घेऊ.’

बाईंनी कागदावर गुडघा काढून दाखवला. वाटीच्या हाडावर आणि कातडीच्या खाली एक चपटी, पातळ पिशवी असते. कातडी हाडावरून नीट घसरावी म्हणून. रोज मार बसला की ती फुगते, जाड होते. ‘आपण सव्वीस वर्षं तिच्यावर बसलोय. आता ती फाटलीय, आत कपचा आहे, पू झालाय आणि वरून आपण झाकण लावून टाकलंय. आज आपण जखम उघडणार, धुणार आणि ती पिशवीच काढून टाकणार.’

मामा तापानं थरथरत होता, तरी कोपरावर रेटा देऊन उठला. ‘बाई, आतलं सगळं काढा. पण वरचा उंचवटा तेवढा राहू द्या.’

‘उंचवटा?’

‘गादी. कामाला लागते.’

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. ताप डोक्यात गेलाय का, असं विचारल्यासारखं. मग सावकाश म्हणाल्या, ‘अहो, तो उंचवटा म्हणजेच आजार आहे.’

‘सव्वीस वर्षांचा आहे.’

‘आमच्या लग्नालाही तेवढीच झाली,’ मामी म्हणाली. ‘काढाच तुम्ही.’

कमरेतून इंजेक्शन दिलं होतं, त्यामुळे मामा जागा होता. मध्ये हिरवा पडदा. त्याला दिसलं काही नाही, ऐकू सगळं आलं, आणि नंतर आम्हाला त्यानं ऑपरेशन आवाजांतच सांगितलं. आधी मिठाच्या पाण्यानं धुतलं, ‘सुळ्ळ, सुळ्ळ, बादल्याच्या बादल्या.’ मग गोंद लागलेले काठ कापले, ‘कच्च.’ मग ती पिशवी कातडीपासून आणि हाडापासून सोडवत आणली, ‘खर्र, खर्र, जुनी फरशी उचलल्यावर खालचा माल खरवडतो ना आपण, डिट्टो.’ मग ताटलीत काहीतरी ‘टिंग’ करून पडलं. तो कपचा.

बाई बाहेर आल्या त्या खूश होत्या. ‘सुंदर निघाली! अख्खी! भिंत बोटाएवढी जाड, आणि आत तांदळाच्या कणीसारखे दाणेच दाणे.’

दुसऱ्या दिवशी मामानं हात पुढे केला. ‘द्या मग.’

‘काय?’

‘माझी ती.’

‘ती तपासणीला गेली हो.’

‘परत कधी येणार?’

‘परत येत नसते,’ बाई म्हणाल्या. त्यात ‘आपण’ कुठेच नव्हतं.

जखमेत एक बारीक नळी ठेवली होती, ती दोन दिवसांनी काढली. पाय दोन आठवडे सरळ पट्टीत. मग टाके काढायचे. मग सहा आठवडे गुडघा जमिनीला टेकवायचा नाही. ‘तीन महिन्यांनी आपण रबरी पॅड लावून पूर्वीसारखं काम करू. आपली आपण नवी पिशवी येते हळूहळू, पातळशी. निसर्गाची व्यवस्था आहे.’

मामानं एवढंच विचारलं, ‘जाड कधी होणार?’

ठेकेदार बघायला आला तो उंबऱ्यातच थांबला, कारण आत चांदणी पसरली होती. ‘मी काय म्हणतो, तू आराम कर. चांदणी काय पळून जाते? मला हात पाहिजेत हात, तुझ्यासारखे. पंधराला ये, बघू.’ जाताना दोनदा मान हलवली आणि मामाच्या पट्टीकडे एकदाही पाहिलं नाही.

‘कोपराला गूळ लावून गेला,’ मामी म्हणाली. ‘आता बसा चाटत.’

पण मामानं त्यातला एकच शब्द उचलला होता. हात. टाके निघाल्यावर तो ‘जरा पाय मोकळे करून येतो’ म्हणून निघाला तो काठी टेकत थेट नाट्यगृहावर. गुडघा न टेकवताही फरशी बसवता येते हे ठेकेदाराला करून दाखवायचं होतं. मागच्या बोळात तो डाव्या कुशीवर आडवा झाला, डावं कोपर खरबरीत काँक्रीटवर रोवलं आणि उजव्या हातानं फरशा बसवू लागला. तीन दिवस गेला. तिन्ही दिवस घरी येऊन बाहीच्या आत कोपर लपवत होता. मामीनं धुवायला शर्ट घेतला तेव्हा बाहीला भोक दिसलं. ‘मऊ लागलं म्हणून कोपरानं खणताय होय?’ ती ओरडली. ‘डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलंय?’

‘गुडघा टेकवायचा नाही.’

‘मग?’

‘नाही टेकवत.’

चौथ्या दिवशी जड दगडाची फरशी ओढताना कोपर ओल्या मालावरून सटकलं आणि अख्ख्या वजनानिशी दुसऱ्या फरशीच्या धारेवर आदळलं. साइटवरच्या लोकांनी उचलून आणलं. बाही रक्तानं जड झाली होती.

सर्जनबाईंनी मामाला ओळखलं आणि खुर्चीत बसूनच घेतलं. ‘आपण गुडघ्याचं काय ठरवलं होतं?’

‘गुडघा अगदी नीट आहे, बाई. बघा.’

‘आणि हे?’

‘कोपराचं तुम्ही काही बोलला नव्हता.’

कोपराच्या हाडाच्या टोकावर तशीच एक पिशवी असते म्हणे. ती या वेळी ताज्या मारानं फाटली होती, आत रक्त आणि वाळू. पुन्हा धुणं, पुन्हा फाटके काठ कापणं, पुन्हा पिशवी काढणं, टाके आणि हात गळ्यात. या वेळी मामानं ती मागितली नाही. घरी सोडताना बाईंनी कागदावर ठळक अक्षरात लिहून दिलं: डावा गुडघा, उजवा गुडघा, डावं कोपर, उजवं कोपर, घोटे, हनुवटी. यांपैकी काहीही टेकवायचं नाही. मी तो कागद बाईंच्या आवाजात वाचून दाखवला, ‘आपण हनुवटीसुद्धा टेकवणार नाही आहोत, बरं का!’ तेव्हा मामी पोट धरून हसली. मामा हसला नाही. तो बोटांवर दिवस मोजत होता.

पंधरा तारखेला मामी आली नाही. ‘माझ्यानं बघवणार नाही,’ म्हणाली. मामाचा एक हात गळ्यात, म्हणून पँट गुंडाळायला मी गेले.

नाट्यगृहाच्या भिंतीला सात माणसं टेकून उभी. मामा सवयीनं पहिला. ठेकेदार आला, खाली वाकला. गुडघ्यावर फक्त एक गुलाबी रेघ होती. बाईंचं काम खरोखर सुंदर होतं. बाकी सगळं सपाट, वाटी नीट दिसणारी, मऊ. ठेकेदारानं अंगठा दाबला. पुन्हा दाबला. इकडून तिकडे सरकणारं काही सापडेना.

‘मी काय म्हणतो,’ तो म्हणाला आणि पुढे काहीच म्हणाला नाही. असं मी पहिल्यांदाच ऐकलं.

‘हात महिन्यात जुळेल, शेठ,’ मामा म्हणाला. ‘चांदणी सुरू व्हायला दोन महिने आहेत. तोवर गुडघाही टेकतोय. डॉक्टर म्हणाल्यात, पूर्वीसारखं.’

‘हाताचं काय नाही रे.’ ठेकेदार उठला, अंगठा पँटीला पुसला. ‘पण हा तर बँकेतल्या माणसाचा गुडघा झाला.’

सगळे हसले. सगळ्यांत जास्त हसला तो पोपट. त्याचं काम बरं होतं, पण ठेकेदार जे बोलेल तेच तो पुन्हा बोलायचा म्हणून पोपट. ‘बँकेतल्या माणसाचा!’ तो म्हणाला. त्याची गादी मात्र टम्म होती, लालसर, चकाकणारी. ठेकेदारानं ती दाबली आणि त्याचा चेहरा उजळला. ‘हां! मी काय म्हणतो, याला म्हणतात मिस्त्री.’

रांग मोडली तेव्हा मामा पोपटाच्या जवळ गेला आणि हळूच म्हणाला, ‘गरम लागतोय का रे आतून? दाखवून घे.’

‘आत्ता दाखवला ना,’ पोपट म्हणाला.

चांदणी पोपटाला मिळाली आणि मामाला कटरवर बसवलं. स्टुलावर बसायचं, पाण्याच्या फवाऱ्यात दगड कापायचे आणि इतरांना द्यायचे. चांदणीचे सगळे तुकडे मामानंच कापले. ठेकेदारानं पुठ्ठ्याची चांदणी मागवून घेतली तेव्हा मामानं ती स्वतः गुंडाळून दिली, टोकं दुमडू नयेत म्हणून वर जुनी चादर बांधून. मामी त्या दिवशी बाहेरच्या खोलीच्या मधून चालली. दोन पावलं टाकली आणि पुन्हा भिंतीच्या कडेला गेली.

सर्जनबाईंनी तीन महिन्यांनी तपासलं. गुडघा पूर्ण वाकत होता, कोपरही. ‘बघा, आपण जिंकलो!’ त्या म्हणाल्या. मामानं मान डोलावली. बाईंचं काय चुकलं होतं? काहीच नाही.

उद्घाटनाच्या आठ दिवस आधी, दुपारी, ठेकेदारानं मामाला बोलावलं. काम कसंही वाटलं, तरी टकटकशिवाय सुपूर्द करायची त्याची हिंमत नव्हती. शाळेला सुट्टी होती, मीही गेले. प्रवेशदालन रिकामं, उंच, प्रत्येक आवाज फिरून परत येणारा. चांदणी खरंच अशी होती की खाली बघायलाच लागत होतं. मामानं खिळ्यावरचे रबरी गुडघे काढले आणि बांधले. कुणी आईचं नाव काढलं नाही. मग तो खाली बसला, सावकाश, डावा गुडघा आधी. टेकला. काही दुखलं नाही. ते त्याच्या तोंडावर दिसलं, आणि ते बघायला नको होतं.

टक. टक. टक. तो चांदणीभोवती रांगत निघाला. पोपट लंगडत लंगडत मागे, एक हात गुडघ्यावर. टक. टक. तांबड्या टोकापाशी मूठ पडली आणि आवाज आला, ‘डब.’

मामा थांबला. शेजारची वाजवली. ‘डब.’ त्याच्या पुढची. ‘डब.’

पोपट ओठ चाटत होता. मामानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. टक आणि डब मला त्यानंच ओळखायला शिकवलं होतं, माझे कान त्याला माहीत होते. मग तो पुढे सरकला, टक, टक, आणि उरलेली चांदणी नीट, न चुकता, शेवटच्या टोकापर्यंत वाजवून उठला.

‘काय म्हणतो कान?’ ठेकेदारानं विचारलं.

मामानं थापीची मूठ शर्टाला पुसली. ‘भरीव.’

‘सगळी?’

‘सगळी.’

ठेकेदारानं सुटकेचा श्वास नाकातून सोडला. पोपट ‘सगळी, सगळी,’ म्हणाला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मामानं रबरी गुडघे पुन्हा खिळ्याला टांगले.

घरी आल्यावर मामा बाहेरच्या खोलीत, जिथे चांदणी असायची तिथे मधोमध, पाय पसरून बसला. मामी आत भांडी घासत होती.

‘तुला ऐकू आलं,’ तो म्हणाला.

‘हो.’

‘काढ बघू तो आवाज.’

मी जीभ टाळ्याला लावून काढला. टक, टक, टक. मग गाल आत ओढून, डब.

‘परत.’

परत काढला. तो हसायला लागला, खांदे हलवत, आवाज न करता. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच.

‘मामा, ती तडकेल ना?’

त्यानं नाक चिमटीत धरलं, मान दोनदा हलवली आणि म्हणाला, ‘मी काय म्हणतो, कुणाला कळणार आहे?’

मला आजवर ठेकेदार इतका हुबेहूब जमलेला नाही. आतून भांड्यांचा आवाज थांबला. मामी ओले हात पदराला पुसत घाईघाईनं बाहेर आली, ‘अगबाई, शेठ आले का? आत तरी बोलवायचं,’ म्हणत दारापर्यंत गेली, आणि दारात कुणीच नाही बघून आमच्याकडे वळली.